पाणी पिणारे दाणे गरम का होतात?

नव्या बुटांच्या खोक्यात सापडते ती पुडी फोडा. आतले काचेसारखे दाणे स्टीलच्या वाटीत ओतून वर चमचाभर पाणी टाका. (दाणे निळे असतील तर राहू द्या, त्यांत कोबाल्ट असतं.) दाणे तडतडतात, काही चक्क फुटतात आणि वाटीचा बूड कोमट लागतो.

हे सिलिका जेल. एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंती उलगडल्या तर साधारण 600 चौरस मीटर भरतील, म्हणजे बॅडमिंटनची सात कोर्टं. त्या भिंतींना पाण्याची वाफ चिकटते आणि चिकटताना उष्णता सुटते. हेच अधिशोषण.

यावर कॉम्प्रेसरशिवाय थंडावा मिळतो. हवा काढून टाकलेल्या भांड्यात एकीकडे पाणी, दुसरीकडे जेल. जेल वाफ ओढत राहतं, पाणी माठातल्यासारखं गार होत जातं. जेलचं पोट भरलं की 60 ते 90 अंशांच्या पाण्याने ते तापवून वाफ बाहेर काढायची. कारखान्यात वाया जाणारी उष्णता किंवा छतावरचा सोलर हीटर तेवढ्याला पुरतो.

घोडं अडतं ते वाटीच्या बुडाशी. किलोभर वाफ शोषताना जेलमध्ये 2,500 किलोज्यूलपेक्षा जास्त उष्णता सुटते आणि तापलेलं जेल पुढे पाणी पीत नाही. ती उष्णता काही मिनिटांत बाहेर काढायला हवी. पण दाणे एकमेकांना टेकतात ते टोकाटोकाला, आणि मधल्या फटींत असते जेमतेम विरळ वाफ. त्यामुळे दाण्यांच्या थराची उष्णतावाहकता तांब्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी.

फुटाणेवाला हीच अडचण वाळूने सोडवतो. नुसते हरभरे कढईला जागोजागी टेकतात, तापलेली वाळू प्रत्येक दाण्याला सगळीकडून भिडते. इथे वाळूच्या जागी फुलवलेलं ग्राफाइट मिसळतात. उष्णता झपाट्याने वाहते खरी, पण मिश्रण फार दाबलं तर वाफेच्याच वाटा बुजतात.

दुसरा उपाय मला जास्त पटतो: दाणे भरायचेच नाहीत. जेलची पूड चिकटद्रव्यात कालवून अ‍ॅल्युमिनियमच्या उष्णता बाहेर नेणाऱ्या पात्यांवर लेप द्यायचा, तव्यावर धिरडं पसरावं तसा. लेप जाड झाला तर उष्णता पुन्हा आत अडकते. फार पातळ झाला तर दर फेरीला धातूच तापवण्या-निववण्यात उष्णता खर्ची पडते. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम फ्युमरेटसारखा नवा सच्छिद्र पदार्थ आला, की तो किती पाणी पितो याइतकंच बघावं लागतं, की त्याचा लेप हजारो वेळा तापून-निवूनही पात्याला धरून राहतो का.