व्हॉल्टेअर असं म्हणालाच नव्हता

‘तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडण्याच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन.’ अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर वाद पेटला की हे वाक्य हमखास निघतं, खाली नाव व्हॉल्टेअर या फ्रेंच लेखक-विचारवंताचं. तो वारला 1778 मध्ये. वाक्य छापून आलं 1906 मध्ये.

ते लिहिलं एव्हलिन बिअट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने, एस. जी. टॅलेंटायर या टोपणनावाने. पुस्तक व्हॉल्टेअरच्या मित्रांवरचं. त्यातला एक फ्रेंच तत्त्वज्ञ एल्व्हेशियस. त्याच्या 1758 च्या ग्रंथावर बंदी आली, पुढच्या वर्षी तो जाहीरपणे जाळला गेला. व्हॉल्टेअरला तो ग्रंथ फारसा रुचला नव्हता, पण हा छळ त्याला पटला नाही. ‘एका ऑम्लेटसाठी केवढा हा गोंधळ!’ असा उद्गार हॉलबाई त्याच्या तोंडी देतात आणि मग त्याची भूमिका सांगताना हे प्रसिद्ध वाक्य येतं. घोळ झाला तो अवतरणचिन्हांमुळे. वाचकांनी ते त्याचंच धरलं. शब्द आपले होते, हे बाईंनी पुढे स्वतःच स्पष्ट केलं.

मग ती भूमिका तरी त्याची होती का? बऱ्याच अंशी. 1762 मध्ये झां कालास या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्याला मुलाच्या खुनाच्या आरोपावरून देहदंड झाला, तेव्हा व्हॉल्टेअरने लेखणी झिजवून 1765 मध्ये त्याला मरणोत्तर निर्दोष ठरवून घेतलं. पण संतबिंत नव्हता तो! 1764 मध्ये निनावी पत्रक काढून त्याने, तत्त्वज्ञ रूसोने पोटची मुलं टाकून दिल्याचं चव्हाट्यावर आणलं होतं.