बिस्फेनॉल आणि थॅलेट: डबा बदलून स्प्रे बदलत नाही

ठाण्यात जांभळी नाक्यावर मुलीसाठी डबा घेताना ‘बीपीए-फ्री’ हे लेबल दिसले की पालकांना हायसे वाटते. तिच्या दप्तरातल्या बॉडी स्प्रेची मात्र कोणी चौकशी करत नाही. ‘प्लॅस्टिकमधले हार्मोन बिघडवणारे केमिकल’ या एकाच नावाखाली आपण बिस्फेनॉल ए (म्हणजेच बीपीए) आणि थॅलेट या दोन भिन्न रसायनांची सरमिसळ करतो, हे त्यामागचे कारण आहे.

बिस्फेनॉल ए हा पॉलिकार्बोनेट या कडक, पारदर्शक प्लॅस्टिकचा मूळ घटक आहे. सोसायट्यांमध्ये आणि क्लासमध्ये येणारे वीस लिटरचे निळसर जार बऱ्याचदा त्याचेच असतात आणि उष्णतेने त्याचा अंश पाण्यात अधिक उतरतो. बिलांच्या गुळगुळीत थर्मल कागदावरही ते आढळते. थॅलेटचे काम याच्या उलट आहे: ते पीव्हीसी हे प्लॅस्टिक मऊ करते, आणि त्याचा एक हलका प्रकार सौंदर्यप्रसाधनांत सुगंध टिकवतो. लेबलवर तेथे बहुधा ‘परफ्यूम’ एवढेच छापलेले असते, त्यामुळे ते ओळखणे अधिक अवघड जाते.

शरीरातही दोघांची वाट वेगळी आहे. बिस्फेनॉल स्त्रीसंप्रेरकाची, म्हणजे इस्ट्रोजेनची, दुबळी नक्कल करते. हे 1936 मध्येच ब्रिटिश जैवरसायनशास्त्रज्ञ डॉड्स यांनी दाखवले होते. काही थॅलेट मात्र, प्राण्यांवरील प्रयोगांनुसार, टेस्टोस्टेरॉन या पुरुषसंप्रेरकाची निर्मिती घटवतात. तरीही मुलींबाबतचे पुरावे या सरळ हिशेबात बसत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यातील, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गर्भवती मातांच्या लघवीतील, सुगंध टिकवणाऱ्या थॅलेटच्या अंशाचा संबंध त्यांच्या मुलींमध्ये जघनकेस, म्हणजे वयात येण्याची एक खूण, थोडे लवकर येण्याशी दिसला. फरक सुमारे महिनाभराचा होता. तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. त्याच खोऱ्यात शंभर किशोरवयीन मुलींनी तीनच दिवस ही रसायने नसलेली प्रसाधने वापरली, तेव्हा त्या थॅलेटचा लघवीतील अंश सुमारे 27 टक्क्यांनी घटला.

‘बीपीए-फ्री’ डब्याने यातले काहीच साधत नाही. उलट त्यात बिस्फेनॉल एस वापरलेले असू शकते, आणि तेही इस्ट्रोजेनसारखेच वागते. माझ्या मते स्टीलचा डबा हा वाद तेथेच मिटवतो. आठव्या वर्षाआधी स्तनवाढ दिसू लागली, तर मात्र लेबले चाळत न बसता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. ते आधी उंचीवाढीचा वेग, वजन आणि आईची पाळी कधी सुरू झाली हे विचारतील.