एचडी शूटिंग डिस्कवर काढताना एन्कोडिंगचा वेग वाढवणे

एचडी कॅमेऱ्यावर केलेलं शूटिंग मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, झाल्यावर डीव्हीडी किंवा ब्लू-रे डिस्कवर द्यायचं असेल तर ते सगळं त्या डिस्कच्या नियमात बसेल असं नव्याने कॉम्प्रेस करावं लागतं, त्याला एन्कोडिंग म्हणतात, बोलताना सगळे रेंडरच म्हणतात. दोन तासांच्या लग्नाला हे काम कधी दीड तासात उरकतं तर कधी रात्रभर चालतं, आणि मशीन तेच असतं. कोल्हापुरात सीझनला एका पाठोपाठ एक लग्नं, त्यात चैत्रातली जोतिबाची यात्रा, कुठं फुटबॉलची स्पर्धा, अशा वेळी रेंडर अडकला की पुढची सगळी कामं अडकतात. मग पहिला सल्ला मिळतो तो नवीन ग्राफिक कार्ड घ्यायचा. पण वेळ खाणारा बहुतेक वेळा एन्कोडर नसतोच, त्याच्या आधीची कामं असतात, आणि सगळ्यात जास्त वेळ जातो तो एकच काम नकळत दोनदा केल्याने.

वेळ जातो कुठं

फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०, साधारण २० लाख ७३ हजार पिक्सेल एका फ्रेमला. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीची डीव्हीडी ७२० बाय ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार. बरोबर पाचाला एक. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दोन तासांच्या कार्यक्रमात १ लाख ८० हजार फ्रेम होतात, आणि त्यातली प्रत्येक आधी उलगडायची, मग रंग आणि इफेक्ट लावायचे, मग लहान करायची आणि शेवटी एमपेग-२ मध्ये, म्हणजे डीव्हीडीच्या कॉम्प्रेशनच्या पद्धतीत, बांधायची. यातलं शेवटचं काम सगळ्यात हलकं आहे. डीव्हीडी बाजारात आली १९९६ साली, तिचं एमपेग-२ त्या काळच्या मशीनसाठी होतं, आजचा साधा प्रोसेसरही ते झपाट्याने करतो.

जड असतं ते उलगडणं. सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये एव्हीसीएचडी फॉरमॅट आणला, त्यात चित्र एच.२६४ या जास्त दाबणाऱ्या पद्धतीत असतं, आणि एक फ्रेम उघडायची तर तिच्या आजूबाजूच्या कितीतरी फ्रेमचा आधार घ्यावा लागतो. कार्डावर जागा कमी लागते म्हणून कॅमेरावाल्याला हे सोयीचं, पण मिक्सिंगच्या टेबलावर दोन कॅमेरे, वर मोबाइलची क्लिप आणि त्यावर डिझॉल्व्ह (एक चित्र विरून दुसरं येणं) असं एकावर एक आलं की प्रोसेसर त्यातच दमतो. याला जुना आणि अजूनही चांगला उपाय म्हणजे मिक्सिंगच्या आधीच फुटेज प्रोरेस, डीएनएक्सएचडी किंवा एडियस या मिक्सिंग सॉफ्टवेअरचं कॅनोपस एचक्यू अशा इंटरमीजिएट कोडेकमध्ये, म्हणजे मधल्या टप्प्यासाठीच्या कॉम्प्रेशनमध्ये, बदलून घेणं. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, फाइल मोठी होते पण उलगडायला सोपी जाते. मात्र जागेची तयारी पाहिजे, एव्हीसीएचडीला सेकंदाला जास्तीत जास्त २४ मेगाबिट लागत असतील (२०११ नंतरच्या ५०पी मध्ये, म्हणजे सेकंदाला ५० पूर्ण फ्रेमना, २८) तर प्रोरेस ४२२ ला २५ फ्रेमवर सुमारे १२२ लागतात. यूएसबी २ ची जुनी हार्डडिस्क जोडून त्यावरून असे तीन ट्रॅक एकदम चालवले तर प्रोसेसर रिकामा बसतो आणि डिस्क धापा टाकते, म्हणजे दुखणं फक्त एकीकडून दुसरीकडे गेलं.

म्हणून आधी बघावं की अडतंय कुठं. रेंडर लावला की टास्क मॅनेजर उघडून पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं. प्रोसेसरचे सगळे कोर नव्वदच्या वर असतील तर मशीन मनापासून काम करतंय. प्रोसेसर तीस टक्क्यांवर आणि डिस्क शंभरवर, तर फुटेज दुसऱ्या ड्राइव्हवर हलवायचं, शक्य असेल तर एसएसडीवर. एकच कोर भरलेला आणि बाकीचे गार, तर एखादं प्लगइन एका वेळी एकाच कोरवर चालतंय, ते शोधायचं. आणि विंडोज १० पासून ग्राफिक कार्डाच्या पानावर व्हिडिओ डिकोड असा वेगळा आलेख दिसतो, तो शून्यावर पडून असेल तर कार्ड असूनही फुटेज उघडायचं ओझं प्रोसेसरच वाहतोय. शंका राहिलीच तर टाइमलाइनवरचा (क्लिप ओळीने लावलेल्या पट्टीवरचा) एका मिनिटाचा तुकडा घ्यावा, एकदा इफेक्ट बंद ठेवून आणि एकदा चालू ठेवून काढावा. वेळेत तिप्पट फरक पडला तर कार्डाचं नाव काढायच्या आधी इफेक्ट तपासावेत. नॉइज काढणारी प्लगइन आणि फ्रेममधून नवीन फ्रेम तयार करणारं स्लो मोशन हे दोघं सगळ्यात हावरे. हॉलमधल्या अंधाऱ्या वरातीला नॉइज रिडक्शन गरजेचं असतं हे मान्य, पण ते अख्ख्या टाइमलाइनवर टाकायची काहीच गरज नाही, तेवढ्याच शॉटवर लावून तेवढंच आधी रेंडर करून ठेवावं.

एकदाच एन्कोड

सर्वात मोठी बचत इथं आहे आणि सर्वात कमी लोक ती करतात. नेहमीची पद्धत अशी, की मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमधून एक छान एचडी एमपी४ काढायची आणि ती डीव्हीडी बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची. मग तिथं मेनू लावून बर्न दाबलं की ते सॉफ्टवेअर पुन्हा पहिल्यापासून ट्रान्सकोड करतं. म्हणजे एच.२६४ चं जड एन्कोडिंग एकदा झालं, ते परत उलगडलं, लहान केलं आणि एमपेग-२ केलं, वेळ दुप्पट आणि चित्र दोनदा दाबलेलं. त्यापेक्षा टाइमलाइनवरून सरळ डीव्हीडीच्या नियमातलंच एमपेग-२ काढावं, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, व्हिडिओ ९.८ एमबीपीएसच्या (सेकंदाला मेगाबिट) आत, आवाज वेगळा एसी-३ या फॉरमॅटमध्ये, ४८ किलोहर्ट्‌झवर. असं नियमात बसणारं फुटेज दिलं की चांगलं ऑथरिंग, म्हणजे डिस्क बांधणारं, सॉफ्टवेअर त्याला हात लावत नाही, नुसतं बांधतं, आणि ते काही मिनिटांचं काम आहे. सॉफ्टवेअर फाइलपुढे ट्रान्सकोड करायचं नाही असं दाखवतंय का, एवढं बर्नच्या आधी बघायचं.

पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, पाच कॉपी हव्या असतात तेव्हाही तेच. पाच वेळा प्रोजेक्टमधून बर्न करण्यापेक्षा एकदा आयएसओ इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, बनवून ठेवावी आणि त्यावरून कॉपी काढाव्यात, सहा महिन्यांनी मामाला अजून एक पाहिजे असली तरी प्रोजेक्ट उघडावा लागत नाही.

इंटरलेस्डचंही इथंच सांगायला हवं. ५०आय मध्ये, म्हणजे सेकंदाला एकाआड एक ओळींच्या ५० अर्ध्या फ्रेम (फील्ड) असं, शूट केलेलं असेल तर डीव्हीडीसुद्धा इंटरलेस्डच ठेवावी, उगाच डीइंटरलेस करण्यात वेळही जातो आणि हालचालीतली सफाईही जाते. फील्ड ऑर्डर, म्हणजे आधी कुठल्या ओळी, ती एचडीला अप्पर (वरची आधी) असते, तीच पुढे चालू ठेवावी, उलटी झाली की वरातीतली माणसं थरथरत चालतात. मोबाइलच्या क्लिप मात्र बऱ्याचदा ३० फ्रेमच्या आणि त्याही कमीजास्त वेगाच्या असतात, त्या टाइमलाइनवर यायच्या आधीच २५ वर पक्क्या करून घ्याव्यात.

बिटरेट, पास आणि गुलाल

साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, म्हणजे ३७,६०० मेगाबिट. कार्यक्रम तासाभराचा असेल तर ८ एमबीपीएसने व्हिडिओ आणि १९२ केबीपीएसचा आवाज घालूनही ३.७ जीबीतच काम होतं. अशा वेळी टू-पास लावण्यात अर्थ नाही. टू-पासमध्ये एन्कोडर सगळा कार्यक्रम आधी एकदा बघून कुठं जास्त बिट लागतील ते नोंदवतो आणि मग दुसऱ्यांदा खरं काम करतो, वेळ जवळजवळ दुप्पट. बिट भरपूर असतील तर वाटणी कशीही केली तरी पुरतात, वन-पास सीबीआर (सगळीकडे सारखा बिटरेट) बिनधास्त लावावा.

दोन तासांना हिशोब सव्वापाच एमबीपीएसवर येतो, त्यातून आवाज आणि मेनू वजा केला की व्हिडिओला पावणेपाच-पाच उरतात. आणि तीन तास एकाच डिस्कवर कोंबायचे म्हटलं तर साडेतीनसुद्धा नाही. इथं टू-पास वाचवायला जाऊ नये.

फुटेज कसलं आहे तेही बघावं लागतं. एमपेग काम करतं ते मागच्या फ्रेममधलं काय तसंच राहिलं आणि काय सरकलं या अंदाजावर. व्यासपीठावर पाहुणे बसून भाषण चाललंय, तर चार एमबीपीएस पण खूप झाले. पण जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या (देवाच्या उंच निशाणकाठ्या) नाचतायत आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण चाललीय, तिथं प्रत्येक कण वेगळ्या दिशेला, कुठलीच फ्रेम मागच्यासारखी नाही, सगळा पडदा गुलाबी आणि त्यातले रंगाचे फरक बारीक. एन्कोडरला याहून वाईट काही नाही, बिट कमी पडले की त्या ढगाचे चौकोनी ठोकळे होतात आणि मागची माणसं त्यात विरघळतात. विसर्जन मिरवणुकीतले लखलखणारे लाइट, शाहू स्टेडियमवर बॉलमागे फिरणारा कॅमेरा आणि मागची गर्दी, यांचंही थोडंफार तसंच. खासबाग मैदानातली कुस्ती मात्र मजेशीर, पैलवान एकमेकांना जोखत उभे असतात तोवर बिट लागतच नाहीत आणि डाव पडला की एकदम उसळी मारतात, म्हणून तिथं व्हीबीआर (गरजेप्रमाणे कमीजास्त बिटरेट) खरा कामाला येतो. माझं मत विचाराल तर यात्रेची डीव्हीडी सव्वा तासाच्या वर नेऊच नये, दोन डिस्क कराव्यात, वन-पासमध्ये पटकन होतं आणि गुलालही गुलालासारखा दिसतो.

ग्राफिक कार्ड नेमकं काय करतं

इंटेलने २०११ मध्ये दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरसोबत क्विक सिंक आणलं, एनव्हिडियाने २०१२ मध्ये केप्लर कार्डांत एनव्हीएन्क दिलं. दोन्हींत एन्कोडिंगसाठी चिपवरच वेगळा भाग असतो आणि तो फार वेगवान आहे. पण एनव्हीएन्क एच.२६४ आणि त्याच्या पुढच्या कोडेकसाठी आहे, एमपेग-२ ते करतच नाही. (इंटेलच्या काही पिढ्यांत एमपेग-२ चीही सोय आहे, तुमचं सॉफ्टवेअर ती वापरतं का हे पाहावं लागतं.) म्हणजे ज्याचं सगळं काम डीव्हीडीचं आहे त्याने निव्वळ एनव्हीएन्कसाठी महागडं कार्ड घेऊन उपयोग नाही. तरी कार्ड वाया जात नाही, कारण फुटेज उलगडणं, रंग, स्केलिंग हे कार्डावर गेलं की प्रोसेसर मोकळा होतो. अडोबीच्या प्रीमियरमध्ये हे २०१० च्या सीएस५ पासून आहे, प्रोजेक्ट सेटिंगमध्ये रेंडरर जीपीयूवर (ग्राफिक कार्डावर) आहे की सॉफ्टवेअर ओन्लीवर एवढं एकदा तपासावं. जीपीयूवर असेल तर मॅक्झिमम रेंडर क्वालिटीची खूण काढली तरी लहान केलेल्या चित्रात फरक दिसत नाही, वेळ मात्र वाचतो. अजून एक, १०-बिट ४:२:२ मध्ये (रंगाची जास्त माहिती ठेवून) शूट केलेलं एच.२६४ बहुतेक कार्डांना हार्डवेअरमध्ये उघडता येत नाही, भारी कॅमेरा आणल्यावर रेंडर उलट मंदावतो तो यामुळे.

ब्लू-रे

ब्लू-रेला २५ किंवा ५० जीबी जागा, व्हिडिओ ४० एमबीपीएसपर्यंत, आणि इथं एच.२६४ चालतं, म्हणून हार्डवेअर एन्कोडरचा खरा फायदा इथं. २५ एमबीपीएसने सव्वादोन तासांच्या आसपास एका थराच्या डिस्कवर बसतं, आणि एवढ्या बिटरेटला हार्डवेअरचं एन्कोडिंग आणि प्रोसेसरचं सावकाश एन्कोडिंग यातला फरक घरच्या टीव्हीवर ओळखू येत नाही. प्रोसेसरवरच करायचं तर एक्स२६४ या एन्कोडरमध्ये प्रीसेट (वेगाचे तयार पर्याय) असतात, मीडियमवरून व्हेरी फास्टवर आलं तरी इतक्या बिटमध्ये चित्र टिकतं. पण १०८०मध्ये ५०पी ब्लू-रेच्या नियमात नाही आणि एच.२६४ च्या लेव्हल ४.१ या मर्यादेच्या वरचं बसत नाही, तसं काढलं की ऑथरिंगवाला परत ट्रान्सकोड करणार.

काटछाट सोडून काहीच केलेलं नसेल, म्हणजे स्पर्धेचं किंवा भाषणाचं सरळ रेकॉर्डिंग असेल, तर एन्कोडच करू नये. कॅमेऱ्याचं ५०आय एव्हीसीएचडी तसंच्या तसं ब्लू-रेच्या रचनेत बांधता येतं. साध्या डीव्हीडीवरही एचडी घालता येतं, बिटरेट १८ एमबीपीएसपर्यंत ठेवून, एका डिस्कवर जेमतेम ३५ मिनिटं, आणि ती डिस्क डीव्हीडी प्लेअरमध्ये नाही तर एव्हीसीएचडी वाचणाऱ्या ब्लू-रे प्लेअरमध्ये लागते, हे पार्टीला आधीच सांगावं.

उन्हाळा आणि लाइट

एप्रिल-मे मध्ये पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत मशीन दुपारी तापतं, आणि प्रोसेसर ठराविक तापमानाच्या वर गेला की स्वतःच वेग उतरवतो. सकाळी दोन तासांत होणारा रेंडर दुपारी तीन तास घेतो तो यामुळे. पंख्यातली धूळ काढणं आणि जुनी थर्मल पेस्ट बदलणं हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड आहे, लॅपटॉपवाल्यांना तर जास्तच.

त्यात वळीव आला की लाइट जाते. ऐंशी टक्के झालेला एक्स्पोर्ट मध्येच तुटला तर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तो पहिल्यापासून लावावा लागतो. यूपीएस हवाच, पण त्याहून चांगलं म्हणजे टाइमलाइन तुकड्यांनी काढणं, हळद वेगळी, अक्षता वेगळ्या, वरात वेगळी. तुटलं तर तेवढाच तुकडा परत. पार्टीने वरातीतलं गाणं बदलायला सांगितलं तरी बाकीच्याला हात लावायचा नाही. दोन मशीन असतील तर तुकडे वाटून देता येतात. डिस्कवर दोन तुकड्यांच्या मधे प्लेअर क्षणभर थांबतो, म्हणून तुकडा पाडायचा तो चित्र काळं होतं आणि आवाज संपतो तिथंच.

राइट करताना

इथं घाई करू नये. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला १.३८ एमबी, ४एक्सला भरलेली डिस्क पंधरा मिनिटांत होते, ८एक्सला साधारण आठ-नऊ. ब्लू-रेचा १एक्स ४.५ एमबीचा, २५ जीबीला ४एक्सवर तेवीस-चोवीस मिनिटं. स्वस्त ब्लँक डिस्क १६एक्सने राइट केल्या तर जुन्या प्लेअरमध्ये अडकतात, आणि एन्कोडिंगमध्ये तासभर वाचवल्यावर इथली पाच-सात मिनिटं सहज देता येतात. पहिली डिस्क टीव्हीच्या प्लेअरवर लावून शेवटचा चॅप्टर चालवून बघावा, कारण डिस्क आतून बाहेर भरत जाते आणि राइटिंगचे दोष बहुधा बाहेरच्या कडेला निघतात.