पुढच्या गेमिंग कन्सोलचा आराखडा : अंदाजांमागची पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनीच्या कन्सोलचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी आणि एएमडी या चिप बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीचे जॅक ह्युन यांनी एका संयुक्त चित्रफितीत पुढच्या पिढीच्या ग्राफिक्स चिपसाठी चाललेल्या संशोधनाची माहिती दिली आणि काही वर्षांत येणाऱ्या कन्सोलमध्ये ते वापरण्याचा मनोदय व्यक्त केला. तेव्हापासून नव्या यंत्राच्या अंतर्गत रचनेविषयीच्या चर्चेला उधाण आले आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत, दादर-ठाण्याच्या महाविद्यालयांतल्या मुलांच्या गप्पांत आणि लोकलच्या डब्यातही ही चर्चा बहुतेकदा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : नवे यंत्र किती टेराफ्लॉपचे असेल? एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते, आणि हा आकडा मोठा असल्यामुळे लक्षात राहतो. परंतु गेल्या चार पिढ्यांचा इतिहास पाहिला, तर कन्सोलचे रूप ठरवण्यात या आकड्याचा वाटा दुय्यम होता असे दिसते. ते रूप ठरवले मेमरीने, उष्णतेने आणि सिलिकॉनच्या किमतीने.

घरगुती कन्सोलची रचना पहिल्यापासून स्वस्त भागांच्या जुळणीतून होत आली आहे. निन्टेंडोने जुलै १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉममध्ये ६५०२ या त्या काळी सर्वपरिचित असलेल्या प्रोसेसरवर बेतलेली, रिकोने बनवलेली चिप होती आणि कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट होती. मुंबईतल्या मध्यमवर्गीय घरांत १९९० च्या दशकात जी यंत्रे आली ती बहुतांशी याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा करणाऱ्या त्या यंत्रांनी एका पिढीला या विश्वाची ओळख करून दिली, आणि ते शक्य झाले ते मूळ आराखडाच स्वस्तात नक्कल करण्याइतका साधा होता म्हणून. डिसेंबर १९९४ मध्ये आलेल्या सोनीच्या पहिल्या प्लेस्टेशनने कॅसेटची जागा सीडीला दिली. मार्च २००० मध्ये जपानात निघालेल्या प्लेस्टेशन २ ने डीव्हीडी आणली, आणि ‘चिपवाला पीएस टू’, म्हणजे नक्कल केलेल्या डिस्कही चालाव्यात म्हणून जादा चिप बसवलेले यंत्र, मनीष मार्केट व लॅमिंग्टन रोडवर अनेक वर्षे विकले गेले.

प्लेस्टेशन ३ ची कथा मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण हार्डवेअरविषयीचे अंदाज कसे बांधले जातात आणि कुठे फसतात हे तिच्यात पूर्णपणे दिसते. सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी २००१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन येथे एकत्र येऊन ‘सेल’ या प्रोसेसरचे काम सुरू केले. त्यासंबंधीच्या पेटंटमध्ये चार मुख्य घटक, प्रत्येकाच्या हाताखाली आठ सहाय्यक गणनयंत्रे आणि एकूण एक टेराफ्लॉप क्षमता असे चित्र रंगवलेले होते. पेटंटमध्ये शक्यतेची कमाल मर्यादा मांडलेली असते; कारखान्यातून परवडणाऱ्या दरात काय बाहेर पडेल याची हमी त्यात नसते. तरीही अनेकांनी ते चित्रच यंत्राचा आराखडा मानले. नोव्हेंबर २००६ मध्ये यंत्र विक्रीस आले तेव्हा त्यात एकच मुख्य घटक होता. आठ सहाय्यकांपैकी एक कायमचा बंद ठेवलेला होता, कारण सदोष निघणाऱ्या चिपही त्यामुळे वापरता येत आणि वाया जाणारे सिलिकॉन कमी होत असे. आणखी एक सहाय्यक यंत्राच्या स्वतःच्या प्रणालीसाठी राखीव असल्याने खेळांच्या वाट्याला सहाच उरले. मे २००५ मध्ये दाखवलेल्या नमुन्यातले दोन एचडीएमआय आणि तीन इथरनेट जोडही प्रत्यक्षात एकेकावर आले. इतके करूनही अमेरिकेतली किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर राहिली.

या सगळ्यात मेमरीची विभागणी कमी चर्चिली गेली, आणि माझ्या मते खेळ बनवणाऱ्यांच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची होती. प्लेस्टेशन ३ मध्ये २५६ मेगाबाइट प्रोसेसरसाठी आणि २५६ मेगाबाइट ग्राफिक्ससाठी अशा दोन वेगळ्या साठ्यांची व्यवस्था होती. नोव्हेंबर २००५ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० मध्ये तितकीच, म्हणजे ५१२ मेगाबाइट मेमरी होती. पण ती एकत्र असल्याने गरजेप्रमाणे वाटून घेता येत असे. त्यामुळे कागदावर बलवान ठरणाऱ्या सेलसाठी खेळ लिहिणे त्या पिढीच्या बऱ्याच काळापर्यंत जिकिरीचे राहिले.

एक्सबॉक्स ३६० ची अडचण वेगळी होती. हे यंत्र सप्टेंबर २००६ मध्ये भारतात अधिकृतपणे आले, आणि त्याच सुमारास जगभर त्यातील अनेक यंत्रांच्या दर्शनी भागावर लाल दिव्यांचे कडे उमटून ती बंद पडत होती. चिप तापे, यंत्र बंद केल्यावर निवे आणि या फेऱ्यांमुळे सोल्डरचे सूक्ष्म सांधे तडकत. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने अशा बिघाडासाठी हमीची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक खर्चाची तरतूद केली. त्यानंतरच्या प्रत्येक कन्सोलचे आकारमान, पंखा आणि हवेचे मार्ग या अनुभवाच्या छायेत ठरले आहेत. मुंबईच्या वाचकाला हा मुद्दा दूरचा वाटू नये. टीव्हीखालच्या बंद कप्प्यात ठेवलेले यंत्र, मे महिन्यातली खोलीतली उष्ण हवा, पावसाळ्यातली आर्द्रता आणि रस्त्यालगतच्या घरांत साचणारी धूळ या परिस्थितीत थंड राहण्याची क्षमता हीच यंत्राच्या आयुष्याची पहिली अट ठरते.

२०१३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी विशेष प्रोसेसरांचा नाद सोडला आणि एएमडीच्या, संगणकांत वापरल्या जाणाऱ्या घराण्यातल्या ‘जॅग्वार’ गाभ्यांवर (कोअर) आधारित चिप स्वीकारली. प्रोसेसर जवळपास सारखाच असल्यामुळे फरक मेमरीच्या निवडीत पडला. फेब्रुवारी २०१३ मधल्या घोषणेपर्यंत प्लेस्टेशन ४ मध्ये ४ गिगाबाइट मेमरी असेल असे मानले जात होते. प्रत्यक्षात सोनीने ८ गिगाबाइट जीडीडीआर५ ही ग्राफिक्ससाठीची वेगवान मेमरी दिली आणि तिचा वेग सेकंदाला १७६ गिगाबाइट होता. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी तितकीच, पण स्वस्त डीडीआर३ मेमरी घेतली. तिचा वेग ६८ गिगाबाइट असल्याने ती उणीव भरून काढण्यासाठी चिपवरच ३२ मेगाबाइटचा वेगवान साठा बसवला. त्या साठ्याने चिपची जागा व्यापली आणि ग्राफिक्सच्या घटकांना कमी जागा उरली. प्लेस्टेशन ४ चे १.८४ विरुद्ध एक्सबॉक्स वनचे १.३१ टेराफ्लॉप हा गाजलेला फरक बऱ्याच अंशी मेमरीच्या त्या निवडीचा परिणाम होता. प्लेस्टेशन ४ जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० रुपयांना भारतात आला.

येथे एक हिशेब लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. पहिल्या प्लेस्टेशनमध्ये मुख्य मेमरी २ मेगाबाइट होती, दुसऱ्यात ३२ मेगाबाइट, तिसऱ्यात दोन्ही साठे मिळून ५१२ मेगाबाइट आणि चौथ्यात ८ गिगाबाइट. म्हणजे प्रत्येक पिढीत ती साधारण सोळा पटींनी वाढत गेली. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये मात्र ती १६ गिगाबाइट, म्हणजे केवळ दुप्पट झाली. मेमरीच्या किमतीची घसरण मंदावल्यामुळे जुनी वाट बंद झाली होती, आणि सेकंदाला ५.५ गिगाबाइट वेगाने माहिती देणारा ८२५ गिगाबाइटचा एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारा जलद साठा, हा त्यावरचा उपाय होता. मार्च २०२० मधल्या व्याख्यानात सर्नी यांनी त्यामागचे तर्कशास्त्र उलगडून सांगितले : साठवणूक पुरेशी जलद असेल, तर खेळाच्या पुढच्या अर्ध्या मिनिटासाठी लागणारी सामग्री आधीच मेमरीत भरून ठेवावी लागत नाही, आणि असलेली मेमरी समोरच्या दृश्यासाठी मोकळी राहते. त्या पिढीतली सर्वांत मोलाची कल्पना हीच होती असे मला वाटते.

त्या काळातले अंदाजही बोलके आहेत. २०१९ च्या मध्यास इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेच्या यंत्राचे चित्र फिरले आणि पुष्कळांनी ते अंतिम रूप मानले. ते खेळ बनवणाऱ्यांना दिलेले चाचणी यंत्र होते. त्याच वर्षाच्या अखेरीस एएमडीच्या चाचण्यांच्या फुटलेल्या नोंदींत ३६ ग्राफिक्स घटक आणि ९.२ टेराफ्लॉप असे आकडे होते, ते कमी वाटल्याने अनेकांनी नाकारले. प्रत्यक्ष यंत्रात ३६ च घटक निघाले. घड्याळगती (चिप चालण्याचा वेग) मात्र २.२३ गिगाहर्ट्झपर्यंत चढवलेली होती आणि त्यातून १०.२८ टेराफ्लॉप मिळाले. त्या गतीची उष्णता बाहेर काढण्यासाठी द्रवधातूचा थर, प्रचंड उष्णताशोषक आणि साडेचार किलो वजनाचे, ३९ सेंटिमीटर उंचीचे धूड उभे करावे लागले. एक्सबॉक्स सिरीज एक्समध्ये ५२ घटक कमी गतीने चालवून १२.१५ टेराफ्लॉप मिळवले गेले. तरी दोन्ही यंत्रांवरच्या खेळांत त्या प्रमाणात फरक दिसला नाही.

किमतीचे गणितही याच काळात उलटले. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळू लागला, कारण नव्या निर्मितीप्रक्रियेत चिप लहान होई आणि स्वस्तही होई. आता चिप लहान होते, पण नव्या प्रक्रियेतल्या वेफरची, म्हणजे चिप ज्यावर घडवतात त्या सिलिकॉनच्या चकतीची, किंमत इतकी चढलेली असते की बचत फारशी उरत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात ४९,९९० रुपयांना आलेला प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० रुपयांचा झाला. ज्यांनी ‘दोन वर्षे थांबू, उतरेल’ असा जुना हिशेब धरला होता, त्यांची यात निराशा झाली.

पुढच्या यंत्राविषयीचे तर्क या पार्श्वभूमीवर तपासायला हवेत. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉयटर्सने दिलेल्या वृत्तानुसार सोनीच्या पुढच्या चिपचे काम २०२२ मध्येच इंटेलच्या हातून निसटून एएमडीकडे गेले, आणि जुने खेळ नव्या यंत्रावर चालणे हा त्या निर्णयातला महत्त्वाचा विचार होता. मायक्रोसॉफ्टनेही जून २०२५ मध्ये एएमडीबरोबरच्या अनेक वर्षांच्या कराराची घोषणा केली. त्यामुळे सेलसारखी अनोळखी रचना परत येण्याची शक्यता मला दिसत नाही. ऑक्टोबर २०२५ च्या चित्रफितीतल्या तीन कल्पनांपैकी प्रकाशकिरणांच्या गणितासाठीचे (रे ट्रेसिंग) स्वतंत्र गाभे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी एकत्र जोडलेले घटक यांना प्रसिद्धी अधिक मिळाली. ग्राफिक्स चिपकडे जाणारी सर्व माहिती संक्षिप्त करून मेमरीवरचा भार हलका करण्याची तिसरी कल्पना मला त्याहून अर्थपूर्ण वाटते. २०२५ च्या अखेरीस विदाकेंद्रांच्या (डेटा सेंटर) मागणीमुळे मेमरीचे भाव झपाट्याने चढले, आणि महाग मेमरी मुबलक बसवण्यापेक्षा असलेली काटकसरीने वापरणे कोणत्याही रचनाकाराला सोयीचे ठरेल. मेमरी पुन्हा सोळा पट वाढेल असे गृहीत धरणारा अंदाज म्हणूनच बाजूला ठेवावा.

मुंबईतल्या ग्राहकासाठी आणखी दोन भाग महत्त्वाचे आहेत. पहिला आहे वायफायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये निघालेला प्लेस्टेशन ५ प्रो त्या वेळी भारतात विक्रीस आला नाही, आणि वायफाय ७ साठी लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा येथे खुला नसल्याचे कारण सोनीने दिले. ज्या यंत्राच्या ग्राफिक्स चिपची इतकी चर्चा झाली, ते अधिकृत दुकानांत पोहोचण्याआधी रेडिओच्या परवानगीपाशी अडले. दुसरा भाग आहे डिस्कचा. प्लेस्टेशन ५ प्रो डिस्क ड्राइव्हविना विकला जातो, तर २०२३ च्या अखेरीस आलेल्या लहान आकाराच्या प्लेस्टेशन ५ मध्ये ड्राइव्ह सुटा करता येतो. खेळ संपवून डिस्क विकणे आणि त्या पैशांत दुसरी घेणे हा व्यवहार या शहरात अजून जोमात आहे. ड्राइव्ह वगळल्याने किंमत आणि जागा दोन्ही वाचतात, हे लक्षात घेता पुढच्या यंत्रातही तो वेगळा विकत घ्यायचा जोडभाग म्हणूनच येण्याची शक्यता अधिक दिसते.