गावरान कोंबडीपालन (पुणे जिल्हा)

परसात, गोठ्याच्या कडेला आणि रानात मोकळ्या सोडून देशी कोंबड्या सांभाळण्याची पद्धत. मुळशी, मावळ, भोरच्या डोंगराळ वाड्यांपासून इंदापूर-बारामतीच्या माळरानापर्यंत ती आढळते. गावरान ही असील किंवा कडकनाथसारखी नोंदणीकृत जात नव्हे. एकाच खुराड्यात तांबडी, काळी, कबरी, उघड्या मानेची, उलट्या पिसांची अशी नाना रूपे दिसतात. वनराजा, गिरिराज हे सुधारित पक्षी आणि 'डीपी' नावाने विकले जाणारे संकर बाजारात सर्रास गावरान म्हणून खपवले जातात. ते अंडी जास्त देतात, पण सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ८० अंडी घालते, तीही टप्प्याटप्प्याने. प्रत्येक टप्प्यानंतर ती अंड्यांवर बसते आणि आपली पिल्ले आपणच वाढवते. तिची खरी किंमत या गुणात आहे.

अंडी बसवणे. उबवणीसाठी मध्यम आकाराची, तडा नसलेली, आठवड्याच्या आतली अंडी निवडतात. ती धूत नाहीत, कारण कवचावरचा रक्षक थर धुतला जातो. निमुळते टोक खाली ठेवून ती गार जागी, उन्हाळ्यात ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात साठवतात. चैत्र-वैशाखाच्या उन्हात मात्र तीन-चार दिवसांपलीकडे थांबणे जोखमीचे असते. दिवाळीनंतरचा गारवा उबवणीला सर्वांत चांगला.

खुडूक कोंबडी ओळखायला सोपी. ती पिसे फुलवून बसते, हात नेला की गुरगुरते, टोचते आणि उठवली तरी परत तिथेच येते. तळाला राख, वर भाताचा पेंढा घातलेल्या पाटीत तिच्याखाली १० ते १२ अंडी ठेवतात; राखेमुळे पिसवा आणि गोचिड्या कमी होतात. अंडी संध्याकाळी, अंधार पडल्यावर सरकवली तर ती बिथरत नाही. मग २१ दिवस ती दिवसातून एक-दोनदाच दाणापाण्याला उठते. अंडी चोचीने सारखी फिरवते, कडेची मध्ये आणि मधली कडेला नेते.

सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर अंडे धरून पाहतात. जीव धरलेल्या अंड्यात एका गडद ठिपक्यापासून लाल शिरांचे जाळे फुटलेले दिसते, तर वांझ अंडे आरपार पिवळे उजळते. अशी अंडी तेव्हाच काढून टाकावीत. पुढे ती कुजून पाटीत फुटली तर बाकीची धोक्यात येतात.

इन्क्युबेटरमध्ये हीच कामे माणसाला करावी लागतात. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंशांच्या आसपास तापमान, १८ व्या दिवसापर्यंत रोज अनेकदा अंडी फिरवणे, आणि शेवटचे तीन दिवस फिरवणे बंद करून ओलावा वाढवणे. पावसाळ्यात वीज गेली की यंत्र थंड पडते. पिल्लू कवचाला पहिले भोक पाडल्यावर १२ ते २४ तास घेऊ शकते. कवच सोलून त्याला मदत करण्याचा मोह आवरावा, कारण उरलेला बलक आणि कवचाच्या पडद्यातले रक्त या वेळात त्याच्या शरीरात ओढले जात असते.

पिल्ले. यंत्राच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंशांची ऊब लागते, पुढे ती दर आठवड्याला थोडी कमी करतात. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजते आहे आणि कडेला पळून धापा टाकू लागली तर उष्णता जास्त झाली, हे थर्मामीटरशिवायही कळते. कोंबडीखालच्या पिल्लांना हे सारे आपसूक मिळते. शिवाय घार वरून फिरू लागली की आई एक आवाज काढते, मुंगूस किंवा मांजर जमिनीवरून आले की दुसरा. पिल्ले त्याप्रमाणे दडतात किंवा सावध होतात. दिव्याखालच्या पिल्लांना हे इशारे देणारे कोणी नसते. म्हणून कळप टिकवायचा तर चांगली बसणारी आणि पिल्ले राखणारी कोंबडी आखाडातल्या चढ्या भावालाही विकू नये.

गावरान पक्षी काटक असला तरी मानमोडीपुढे (राणीखेत रोगापुढे) टिकत नाही. या रोगात आठवड्याभरात खुराडे रिकामे होते. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब, महिन्याने पुन्हा एकदा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास याच रोगावरची आर-टू-बी लस, हा क्रम चुकवू नये. सोबत देवीची लसही देतात.

राखण. दिवसा घार, शिक्रा, कावळा आणि मुंगूस, रात्री रानमांजर आणि उदमांजर, पूर्वेकडच्या माळावर कोल्हा आणि खोकड, असे शत्रू ठरलेले आहेत. षटकोनी जाळी पक्ष्यांना आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावून ती फूटभर जमिनीत पुरावी.

त्याउपर राखणीला गावठी कुत्रा. दोन-अडीच महिन्यांचे पिल्लू साखळीने बांधून कोंबड्यांत बसवतात. पाठलाग केला की लगेच रागावतात, शांत बसला की भाकरीचा तुकडा देतात. कोंबडीची आतडी-पिसे आणि फुटकी अंडी त्याला कधीही खायला घालू नयेत. एकदा चटक लागली की सुटत नाही. पहिले वर्षभर त्याला कोंबड्यांत एकटे सोडू नये. रेबीजची लस दरवर्षी द्यावीच.

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूरच्या ऊसपट्ट्यात मात्र हिशेब बदलतो. तिथे बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य आहे. खुराड्याच्या दारात रात्री साखळीने बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही, त्याला बांधणे म्हणजे बिबट्याला बोलावणे. म्हणून दिवेलागणीला कोंबड्या कोंडल्या की कुत्र्यालाही पक्क्या दाराच्या पडवीत किंवा गोठ्यात घ्यावे. तिथून त्याचे भुंकणे घरात ऐकू येते, आणि रात्रीच्या राखणीला तेवढे पुरते.