सातचा भोंगा : मोबाइल आमच्या घरात कसा शिरला

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तीनेक हजार वस्ती, बहुतेक शेतकरी आणि साखर कारखान्यातले कामगार. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तिथल्या देवळावर रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. साडेआठला तो पुन्हा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं नाहीतर एकमेकांशी बोलायचं. सरपंच विजय मोहिते यांनी सांगितलेलं कारण साधं होतं. कोरोनात शाळेसाठी मुलांच्या हातात मोबाइल दिला आणि शाळा सुरू झाल्या तरी तो सुटेना. गावसभेत ठरलं आणि अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी सांगत फिरले.

ती बातमी आली तेव्हा आमचा थोरला साडेपाच वर्षांचा होता आणि धाकटा अडीच. आम्ही सांगलीत, गावभागात राहतो. धाकट्याला तेव्हा मोबाइल समोर असल्याशिवाय घास जात नव्हता. बातमी वाचून मला आधी वडगावचं कौतुक वाटलं आणि मग वाईट वाटलं, की एवढ्याशा गोष्टीसाठी अख्ख्या गावाला देवळावर भोंगा लावावा लागला. हे इथवर कसं आलं, ते मी तेव्हापासून मनात जुळवत आले आहे.

सासूबाईंना भोंग्याचं काहीच नवल वाटलं नाही. त्यांचं माहेर माधवनगरचं. "गिरणीचा भोंगा हेच आमचं घड्याळ. भोंगा झाला की आई चुलीवर डाळ चढवायची," त्या म्हणाल्या. भोंगा एकट्यादुकट्यासाठी नसतो, तो सगळ्यांना एकदमच ऐकू जातो. त्यांच्या लहानपणी करमणुकीचंही तसंच होतं. आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं, पण रेडिओ आळीत एखाद्याच घरी. त्याचा परवाना पोस्टातून काढावा लागायचा. ज्याच्याकडे रेडिओ त्याच्या ओसरीवर बाकीचे. टीव्हीचंही पहिल्यांदा हेच झालं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं तरी आमच्या भागात घराघरांत संच दिसायला लागले ते १९८२ नंतर. माझ्या लहानपणी वाड्यात एकच टीव्ही होता आणि रविवारी सकाळी त्याच्यापुढे अख्खा वाडा. मालिका संपली की सतरंजी झटकायची आणि आपापल्या घरी जायचं.

संपली की संपली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढचा भाग आठवड्याने. मधले सहा दिवस आम्ही पोरं वाड्यात धनुष्यबाण करून तीच गोष्ट खेळायचो. केबल आली, संध्याकाळच्या मालिका आल्या, सात ते नऊ घर टीव्हीला बांधलं गेलं. ते काही चांगलं झालं नाही. तरीही पडदा एकच होता, बैठकीत होता, आणि चॅनेलवरून का होईना, सगळे एकमेकांशी भांडत होते.

पडदा संपेनासा केव्हा झाला? २००६ साली ॲझा रॅस्किन या तंत्रज्ञाने पान खाली सरकवत राहिलं तरी तळ लागू नये अशी रचना केली. तिचा पुढे काय उपयोग झाला हे पाहून त्यांनी स्वतःच जाहीर खेद व्यक्त केला आहे. २००९ साली फेसबुकवर लाइकचं बटण आलं. मग एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू व्हायला लागला. हे सगळं आमच्यापर्यंत पोचायला एकच अडचण होती, ती पैशांची. एक जीबी डेटाला दोनशे-अडीचशे रुपये पडायचे, तेव्हा व्हिडिओ जपून बघितला जायचा. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, मार्चपर्यंत डेटा फुकट मिळाला आणि ती अडचणही गेली. आमचा थोरला जानेवारी २०१७ चा. त्याचं बारसं पुण्यातल्या मावशीने व्हिडिओ कॉलवर पाहिलं, आणि आम्हा सगळ्यांना त्याचं केवढं अप्रूप वाटलं होतं.

तरी अडीच वर्षं त्याला मोबाइल ठाऊक नव्हता. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला.

कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाजवळ ४५ फूट धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभाग, खणभाग, मारुती चौक, सगळं पाण्यात. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी नणंदेकडे विश्रामबागला गेलो. दोन खोल्यांत अकरा माणसं. जो तो मोबाइलवर एकच बघायचा : पाणी किती? आम्हाला त्या दिवसांत व्हॉट्सअॅपनेच धीर दिला, हे मी कधी विसरणार नाही. कुठल्या गल्लीत बोट पोचली, कुणाच्या घरातले म्हातारे अजून माडीवर आहेत, सगळं तिथंच कळत होतं. पण थोरल्याला काय कळणार? त्याला त्याची उशी पाहिजे होती, त्याची लाल वाटी पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने काही खाल्लं नाही. शेवटी मी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि बडबडगीतं लावली. त्याने पडद्यावरची नजर न काढता तोंड उघडलं. ताटलीभर दहीभात संपला. मला इतकं हायसं वाटलं, की मी नणंदेच्या गळ्यात पडून रडले.

पाणी ओसरलं, घर धुऊन काढलं, भिंतींची ओल जायला दिवाळी उलटली. तांब्याला टेकवलेला मोबाइल तसाच राहिला.

धाकटा फेब्रुवारी २०२० चा. तो जेमतेम सव्वा महिन्याचा झाला आणि टाळेबंदी लागली. थोरल्याच्या बालवाडीचे वर्ग पुढे मोबाइलवर सुरू झाले. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ऑनलाइन शिक्षणाच्या सूचना काढल्या, त्यांत पूर्वप्राथमिकच्या मुलांसाठी दिवसाला ३० मिनिटांपेक्षा जास्त नको असं स्पष्ट होतं. वर्ग तेवढाच व्हायचाही. पण वर्ग संपल्यावर बंद करणार कोण? माझ्या मांडीवर तान्हं बाळ, नवऱ्याचं काम दुसऱ्या खोलीत फोनवर, सासूबाईंना बाहेर सोडायची भीती. अर्ध्या तासाचे दोन तास व्हायला आठवडाही लागला नाही.

त्याच काळात मोबाइलवरचे व्हिडिओसुद्धा आखूड झाले. २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी अॅप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेलं. जुलैमध्येच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणले आणि त्याची चाचणी आधी आपल्याकडेच केली. दहा मिनिटांचं गाणं-गोष्ट बघणारं मूल आणि पंधरा सेकंदांचे तुकडे बघणारं मूल यांच्यातला फरक मी एकाच घरात पाहिला आहे. थोरला गोष्ट संपेपर्यंत बसायचा, मध्येच "मग वाघ कुठं गेला?" विचारायचा. धाकटा विचारायचाच नाही. दीड वर्षाचा असताना त्याला 'काका' धड म्हणता येत नव्हतं, पण जाहिरात लागली की ती वगळायला त्याचं बोट उजव्या कोपऱ्यात बरोबर जायचं. पाहुणे कौतुक करायचे, "हुशार आहे हो!" मीही तेव्हा हसत होते.

डॉक्टरांकडे पहिल्यांदा हा विषय निघाला तो धाकट्याच्या बोलण्यावरून. त्यांनी न रागावता आकडे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं होतं की एक वर्षाच्या आत पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत फार तर एक तास, कमी तेवढा बरा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही म्हणणं जवळपास तेच : दोन वर्षांपर्यंत शून्य, पाचपर्यंत एक तास, दहापर्यंत दोन तासांच्या आत. यात घरच्यांशी केलेला व्हिडिओ कॉल धरत नाहीत, कारण समोरचं माणूस उत्तर देतं. डॉक्टर म्हणाले, "त्याच्याशी बोला. पडदा त्याच्याशी बोलत नाही." एवढं एक वाक्य मी घरी घेऊन आले.

थोरला आता तिसरीत आहे आणि त्याचा प्रश्न वेगळा आहे. वर्गातल्या दोघातिघांची इन्स्टाग्रामवर खाती आहेत, मग माझं का नाही? तेरा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, असं मी त्याला सांगितलं. "तेराच का?" त्याने विचारलं आणि मला सांगता येईना, म्हणून मी शोधलं. हे तेरा वर्षांचं वय डॉक्टरांनी किंवा शिक्षकांनी ठरवलेलंच नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत मुलांच्या माहितीच्या संरक्षणाचा एक कायदा झाला. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती आई-वडिलांच्या संमतीशिवाय गोळा करता येणार नाही, असं त्यात आहे. ती कटकट नको म्हणून कंपन्यांनी तेरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही असं लिहून टाकलं. तेराव्या वर्षी मूल या सगळ्याला तयार होतं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात मात्र अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे. त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागणार आहे आणि मुलांवर नजर ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांची खातीच बंद करायला लावली. मला हे पटतं. एकट्या आईने एकट्या मुलाला नाही म्हणणं आणि सगळ्या वर्गालाच नाही असणं, यात फार अंतर आहे.

मुलांना काय दाखवावं याची आपण चर्चा करतो, पण मुलांच्या नावाने मोठ्यांनी काय काय पसरवलं, ते मला जास्त टोचतं. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी फिरतेय असा व्हिडिओ आमच्या आयांच्या गटात आला होता. दुचाकीवरून दोघे येतात आणि रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. तो मुळात पाकिस्तानात, कराचीत, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जनजागृतीचा व्हिडिओ होता. शेवटी ते मूल परत आणून देतात, पण तो शेवट कुणीतरी कापून टाकला होता. अशाच अफवांतून १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, म्हणजे आमच्या शेजारच्याच मुलखातले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुरेसं झालं का? वडगावात भोंगा सुरू झाल्याला महिनाही झाला नव्हता, तेव्हा याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी, चार साधूंनी एका मुलाला रस्ता विचारला आणि मुलं पळवणारे समजून लोकांनी त्यांना काठ्या-पट्ट्यांनी मारलं. २०१८ चा तो व्हिडिओ मीसुद्धा दोघींना पुढे पाठवला होता. थोरला तेव्हा दीड वर्षाचा होता आणि मी घाबरले होते. घाबरलेली आई काहीही पुढे पाठवते. त्यानंतर मी खात्री केल्याशिवाय एकही संदेश पुढे पाठवलेला नाही.

आणि फोटो. थोरल्याचे बारशापासूनचे सगळे फोटो मी फेसबुकवर टाकत होते. गेल्या वर्षी मोबाइलने जुनी आठवण म्हणून एक फोटो वर आणला : परातीत बसून अंघोळ करणारा तीन वर्षांचा तो. तो शेजारीच बसला होता. त्याने फोटो पाहिला, खाली बोट नेलं आणि विचारलं, "आई, हे एवढ्या सगळ्यांनी बघितलं?" हो म्हणाले. "आमच्या बाईंनी पण?" त्या माझ्या यादीत होत्याच. तो काही बोलला नाही, उठून आतल्या खोलीत गेला. त्या रात्री बसून मी त्याचे सगळे फोटो काढून टाकले, पहाटेचे दोन वाजले. आता दोघांपैकी कुणाचाही फोटो टाकायचा झाला तर आधी त्याला विचारते, आणि दोघेही बहुतेक वेळा नको म्हणतात.

आमच्या गल्लीत देवळावर भोंगा नाही. वडगावसारखं काही करावं असं दोन-तीन घरांत बोलून पाहिलं. कुणाची शिकवणी, कुणाचं दुकान, सातला जमेना. मग घरातच ठरवलं. सासूबाईंचा हळदीचा जुना पितळी डबा घासून लखलखीत केला. सातला सगळ्यांचे मोबाइल त्यात जातात, माझा सगळ्यांत आधी. नवऱ्याला कामाचा फोन येतो कधीकधी, तेव्हा तो बाहेर जिन्यात जाऊन बोलतो. टीव्ही बंद. पहिले पंधरा दिवस फार कठीण गेले. धाकटा डब्यावर झाकणासकट बसून रडला आहे. थोरला "आता काय करू?" एवढं एकच विचारत घरभर फिरायचा आणि माझ्याकडेही उत्तर नसायचं. मग सासूबाईंनी पत्ते काढले. आता थोरला गुलामचोर खेळताना चक्क फसवतो आणि धाकटा, जो गोष्टीत कधी काही विचारायचा नाही, तो आजीला माधवनगरच्या गिरणीबद्दल विचारतो : भोंगा कोण वाजवायचं, कशाने वाजायचा, रात्री पण वाजायचा का.

आता सातचा भोंगाही तोच वाजवतो. ओट्याजवळ उभा राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून, श्वास संपेपर्यंत. शेजारच्या काकू म्हणतात, त्यांना घड्याळ बघायला लागत नाही. साडेआठचा वाजवायला मात्र बऱ्याचदा तो जागा नसतो.