शरदातली घरची तयारी: कामटी, खळ आणि बेकरीची भट्टी

पाऊस परतला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की आपल्याकडे घराघरात हात चालायला लागतात. घट, कोजागिरी, मग वसुबारसेच्या आत कंदील, किल्ला, रांगोळी, फराळ, हा क्रम सगळ्यांना पाठ आहे, त्यात जात नाही. फराळाच्या ताटात काय काय असतं तेही लिहीत बसत नाही. मला मांडायचंय ते वेगळं आहे. शरदातल्या या घरी बनवलेल्या गोष्टी कधीच फक्त घरात बनलेल्या नाहीत. कंदिलाची कामटी, म्हणजे बांबूची तासलेली पट्टी, बुरूड आळीतून यायची, मावळे कुंभारवाड्यातून, आणि नानकटाई मळायची घरी पण भाजून यायची गल्लीतल्या बेकरीतून. या मंडळींचं जे झालं तेच पुढे आपल्या घरातल्या हौसेचं झालं, आणि गेल्या सात-आठ वर्षांतले बरेच निर्णय नेमके त्यांच्याच दारात येऊन पडलेत.

जुनं थोडक्यात. कार्तिकात उंच काठीवर दिवा चढवायचा, तो पितरांना वाट दाखवतो, हा आकाशदीपाचा विधी धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत आहे आणि काशीला घाटावर बांबूंच्या टोकाला टोपल्यांतले दिवे अजूनही दिसतात. आपल्या खिडकीतला कागदी कंदील हे त्याचंच घरगुती रूप मानतात. पण आपण ज्याला पारंपरिक कंदील म्हणतो, म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पतंगी कागद, कोपऱ्यांवर कागदाच्या करंज्या आणि खाली झिरमिळ्या, तो घरोघरी आला तो स्वस्त रंगीत कागदामुळे, आणि नंतर विजेच्या बल्बने त्याला आणखी बळ दिलं. आत पणती असताना कंदील जपून आणि बेतानेच टांगावा लागायचा, वाऱ्याने कलंडला की कागद पेटलाच. बल्ब आला आणि कंदील रात्रभर लावून ठेवता यायला लागला, त्यामुळे चाळींच्या गॅलऱ्या एका ओळीत उजळायला लागल्या.

करायची रीत साधी पण वेळखाऊ. कामट्या सारख्या जाडीच्या तासून घ्यायच्या, गाठी चाकूने खरवडून काढायच्या नाहीतर तिथेच कागद फाटतो, सुतळी न वापरता बारीक दोऱ्याने सांधे बांधायचे आणि मैद्याची खळ शिजवायची. खळीत थोडा मोरचूद, म्हणजे निळं विषारी तांब्याचं क्षार, टाकायचे म्हणजे झुरळं आणि उंदीर कागद खात नाहीत, आणि म्हणून ती वाटी पोरांच्या हाताला लागू द्यायचे नाहीत. कागद ओला असताना ढिला वाटतो, वाळला की आपोआप ताणून बसतो. ज्याने एकदा केलाय त्याला कळतं की घाईत ओला कागद ओढून चिकटवला तर सकाळपर्यंत तो तडकलेला असतो.

या सगळ्याच्या मुळाशी बांबू, आणि बांबू हा कायद्याने कित्येक दशकं चक्क झाड होता. १९२७ च्या वन कायद्यातली ती व्याख्या होती, त्यामुळे स्वतःच्या शेताच्या बांधावरचा बांबू तोडून वाहून न्यायचा तरी परवान्याची कटकट. नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम काढून जंगलाबाहेरच्या बांबूला त्या व्याख्येतून वगळलं. चांगला निर्णय होता, फक्त तो आला तेव्हा शहरातल्या बुरूड आळ्यांमधली कितीतरी पोरं दुसऱ्या धंद्याला लागलेली होती.

त्याच्या मागोमाग थर्माकोल. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली, पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिने कैद. थर्माकोलची मखरं करणारे त्या वर्षीच्या गणपतीपुरती तरी सूट द्या म्हणून न्यायालयात गेले, ती मिळाली नाही. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभरच सजावटीचा थर्माकोल बंद झाला. याचा फायदा असा झाला की कागदाचे, कापडाचे, बांबूचे कंदील परत आले. मुंबईत माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी रंग लटकतात, पुण्यात तुळशीबाग, बोहरी आळी, तिकडे गोव्यात नरकासुराच्या रात्रीच्या आसपास आकाशदिव्यांच्या स्पर्धा लागतात. घडीचे प्लास्टिकचे कंदील अजून बाजारात आहेतच, पण निदान कागदवाल्याला त्याच्या शेजारी उभं राहता येतंय.

किल्ल्याबद्दल दोनच ओळी, कारण त्यावर सगळेच भरभरून लिहितात. विटा, दगड, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट आणि त्यावर हळीव किंवा मोहरी, चार-पाच दिवसांत हिरवं होतं. जुलै २०२५ मध्ये मराठा काळातले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, ११ आपल्याकडचे आणि एक तमिळनाडूतला जिंजी, त्यामुळे कायम रायगड-प्रतापगडच करणाऱ्या पोरांना आता खांदेरी, सुवर्णदुर्ग करून बघायला चांगलं निमित्त मिळालंय.

आता नानकटाई, कारण खरा गुंता इथे आहे.

सुरतच्या डच वखारीतल्या बेकरीतून ती आली अशी गोष्ट सांगतात, ते असो. मराठी मध्यमवर्गीय घरात ती रुळली ती विसाव्या शतकात. १९३७ साली डालडा बाजारात आलं आणि तुपाच्या मानाने खूपच स्वस्त असल्यामुळे डबाभर नानकटाई करणं आवाक्यात आलं. त्यात रेशनचा काळ, साखर मोजून मिळायची, सणाला जी थोडी जादा मिळायची ती कशात घालायची यावर घरात चर्चा व्हायची. (अलीकडे २०२२ च्या दिवाळीत सरकारने १०० रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेलाचा शिधा दिला, त्यामागेही हाच हिशेब होता.) पितळेच्या परातीत तूप किंवा डालडा घेऊन तळहाताने फेटत बसायचं, पांढरं आणि हलकं होईपर्यंत, त्यातलं थेंबभर तूप वाटीतल्या पाण्यात टाकलं की तरंगलं पाहिजे. मग पिठीसाखर, मैदा, थोडं बेसन नाहीतर रवा, चिमूटभर सोडा, वेलची-जायफळ, वर एकेक चारोळी.

पण भाजायची कुठे? घरात शेगडी नाहीतर स्टोव्ह, नंतर गॅस. कुकरमध्ये वाळू घालून, नाहीतर त्या काचेच्या झाकणाच्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये जमायची, पण एका वेळी आठ-दहा, चार किलोंचं काय करणार? म्हणून बेकरी. बेकरीवाला पत्र्याचे काळे ट्रे द्यायचा, तिथेच बाकावर बसून गोळे वळायचे किंवा घरून डबा भरून न्यायचा, ट्रेवर नावाची चिठ्ठी, आणि किलोमागे किंवा ट्रेमागे भाजणावळ. बेकरी इराण्याची असायची, मुसलमानाची असायची, गोवेकर ख्रिश्चनाची असायची, आणि दिवाळीच्या आठवड्यात तिथे रांग लावून बसलेल्या असायच्या सगळ्या घरच्या आत्या, माम्या, काकू. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते आणि दिवाळीच्या लेखांत ती जवळजवळ कधीच येत नाही.

हे जमायचं कशामुळे तर भट्टीच्या विटांमुळे. लाकडाच्या भट्टीत आत जाळ करून विटा तापवतात, निखारे बाजूला सारतात, मग कडक उष्णतेवर आधी पाव. पाव निघाला की भट्टी हळूहळू उतरत जाते, त्या उतरत्या उष्णतेवर खारी, बिस्किटं, टोस्ट. नानकटाईला मंदच आच लागते, त्यामुळे दुपारी पावाचं काम संपल्यावर जी उष्णता उरायची ती घरच्या ट्रेंना मिळायची. बेकरीवाल्याला जवळजवळ फुकटात पडलेली गोष्ट तो चार पैशांत आपल्याला द्यायचा, सगळा व्यवहार या उरलेल्या उष्णतेवर उभा होता.

९ जानेवारी २०२५ ला मुंबईच्या हवेच्या प्रदूषणाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत आदेश झाला. लाकूड-कोळशावरच्या नव्या बेकऱ्यांना परवानगी नाही आणि चालू असलेल्यांनी सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनावर जायचं. आधी वर्षाची मुदत होती, ती अर्ध्यावर आणली. मग महापालिकेच्या नोटिसा गेल्या, कोळशाच्या तंदूरवाल्या हॉटेलांनाही गेल्या.

आदेशामागचं कारण खोटं नाही, हे आधी नीट सांगायला हवं. एका पर्यावरण संस्थेने शहरातल्या बेकऱ्यांची पाहणी केली त्यात निम्म्याच्या आसपास बेकऱ्या लाकूड जाळताना आढळल्या, आणि ते लाकूड बरेचदा भंगारातलं, म्हणजे जुनं फर्निचर, प्लायवूड, दारं-खिडक्या, ज्यावर रंग, पॉलिश आणि गोंद असतो. ते स्वस्त मिळतं म्हणून जाळतात आणि त्याचा धूर सरळ वरच्या मजल्यांवरच्या घरांत जातो, शिवाय भट्टीपाशी बारा-बारा तास उभा राहणारा कारागीर तो पहिला गिळतो. त्या धुराची बाजू कुणी घेऊ नये.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जुन्या बेकऱ्या पन्नास-शंभर वर्षांच्या इमारतींच्या तळमजल्यावर आहेत, तिथे सिलेंडर साठवायला जागा नाही, पाइपचा गॅस सगळ्या गल्ल्यांत पोचलेला नाही, अग्निशमनचा दाखला वेगळा, भट्टी पाडून नवीन ओव्हन बसवायचा तर तेवढे दिवस धंदा बंद आणि खर्च लाखांत. पाव महाग झाला तर वडापाव महाग होतो, म्हणजे ज्याचं दुपारचं जेवण तेच आहे त्याच्या खिशाला चाट. बेकरीवाले मुदत वाढवून मागत होते आणि मदत मागत होते. माझं मत विचाराल तर इंधन बदलायलाच हवं होतं, पण सहा महिने फार कमी होते, आणि भंगारातलं लाकूड त्याच दिवशी बंद करून साध्या लाकडाला टप्प्याटप्प्याने वेळ दिला असता तर धुराचा सगळ्यात घाण भाग आधी थांबला असता.

या सगळ्या वादात पाव होता, इराणी कॅफेचा वारसा होता, तंदुरी रोटीची चव होती. घरच्या ट्रेंचा विषय त्यात कुठे फारसा दिसला नाही. गॅसचा किंवा विजेचा डेक ओव्हन तापमान अचूक राखतो, नानकटाई खालून करपत नाही, चारही कोपरे सारखे भाजतात, हे सगळं चांगलंच आहे. फक्त पाव झाला की तो बंद करतात. दुपारी नानकटाईसाठी चालू ठेवायचा तर प्रत्येक मिनिटाचं मीटर पडतं, मग बेकरीवाला एक तर भाजणावळ वाढवतो नाहीतर हात जोडून सांगतो की घरचा माल आता घेत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

तशी ही सवय आधीपासूनच कमी होत होती. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घराघरात ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचे विजेचे छोटे ओव्हन, आले, १६० डिग्रीवर पंधरा-वीस मिनिटांत डझनभर नानकटाई होते, ज्यांच्याकडे जागा आणि पैसे आहेत त्यांचं त्यात भागतं. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचं भागत नाही, त्यांना तो ट्रे आणि ती भट्टीच लागते. हा आदेश मुंबईपुरता आहे, बाकी गावांत जिथे लाकडाची भट्टी चालू आहे तिथे दिवाळीच्या आधी चार दिवस दुपारी दोननंतर जाऊन विचारून बघा, बऱ्याच ठिकाणी अजून ट्रे देतात, डबा आणि झाकायला फडकं मात्र आपलं न्यावं लागतं.